तुम्ही म्हणाल ती वाट

आमच्या कंपनीला साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, चाकणच्या बाजूच्या बऱ्याच कारखान्यांना असते तशी. बायको निगडीत एका शाळेत शिकवते, तिची सुट्टी रविवारी. त्यामुळे आम्ही दोघं एकाच दिवशी घरी असणं म्हणजे दिवाळी, नाहीतर कुणाचं तरी लग्न. लोक विचारायचे, तुमच्याकडे कधी भांडणाचा आवाज येत नाही? मी मोठ्या समाधानाने मान डोलवायचो. भांडायला दोघं एका वेळी जागे आणि घरात लागतात, हे मी सांगत नसे.

तर गुरुवारी घरात मी आणि आई. आई टीव्ही लावून ज्वारी निवडत बसते आणि टीव्हीकडे बघत नाही. मी पेपर वाचतो, गॅलरीतल्या कुंड्यांना नको असलेलं पाणी घालतो आणि अकराच्या सुमारास आता करायचं काय या प्रश्नाशी येऊन थांबतो. त्या प्रश्नावर उतारा म्हणून मला कंपनीच्या बसमधल्या शेजाऱ्याने एक गेम दिला.

हा शेजारी चिखलीचा, तिथल्या जुन्या शेतकरी घरातला. वयाने माझ्याहून बराच लहान, आमच्याच कंपनीत डिझाइनला आहे. मी त्याला म्हणालो होतो की गोळ्या झाडायचे गेम आपल्याला जमत नाहीत, बोटं वेळेवर हलत नाहीत. तो म्हणाला, "भाऊ, यात मारामारीच न्हाई. नुसतं बोलायचं हाय." मला वाटलं, मग झालं तर. मी क्वालिटी विभागात आहे, दिवसभर बोलण्याचाच पगार घेतो.

गेम असा होता. एका थंड मुलखात हिवाळा लवकर आला आहे, गावातलं धान्य संपलं आहे, म्हणून एक लहानशी टोळी डोंगर ओलांडून पलीकडच्या गावाला निघाली आहे. तुम्ही त्या टोळीचे म्होरके. सोबत एक तापट लोहार, एक म्हातारी, एक वैद्यीण आणि एक वाटाड्या. त्यांना परदेशी नावं होती, पण ती माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून मी सगळ्यांना कामावरूनच ओळखायचो. वाटेत प्रत्येक जण तुम्हाला काही ना काही विचारतो. पडद्यावर तीन-चार उत्तरं येतात, त्यातलं एक निवडायचं. तुम्ही काय बोलता त्यावर पुढची गोष्ट बदलते. प्रत्येकाच्या हातात कंदील असतो. तुमचं बोलणं त्याला पटलं की कंदील उजळतो, नाही पटलं की मंदावतो आणि विझला की तो माणूस तुम्हाला सोडून जातो. उत्तराला वेळही ठरलेला. खाली एक रेघ आखडत जाते, ती संपली की तुम्ही गप्प राहिलात असं धरतात.

पहिलाच प्रश्न लोहाराचा होता. माझी ऐरण खेचरावर राहू दे का, की टाकून देऊ? आता ऐरण टाकायला सांगावी तर त्याचं पोट तिच्यावर. राहू दे म्हणावं तर खेचर आधीच धापा टाकत होतं. मी दोन्ही बाजूंचा नीट विचार करायला घेतला. ऐरणीचं वजन साधारण किती असेल याचा अंदाज बांधत होतो, तेवढ्यात रेघ संपली. लोहार माझ्याकडे बघून थुंकला आणि पुढे चालू लागला.

"कोण हाय त्यो?" आईने ज्वारीतून मान वर न काढता विचारलं. मी तिला सगळी हकीकत सांगितली. लातूरकडून ती इथे आली त्याला आता निम्मा जन्म होऊन गेला, पण बोलणं तिकडचंच राहिलं. ती म्हणाली, त्याला आधी चार घास खाऊ घाल, मग ऐरणीचं काढ. मी उत्तरं पुन्हा वाचली. जेवलास का, असं त्यात कुठेच नव्हतं. एवढा पैसा खर्चून गेम बनवणाऱ्यांच्या हे लक्षात कसं आलं नाही, याचं मला नवल वाटलं. मग तिने पडद्यावर लांबून नजर टाकली आणि मलाच झापलं, "म्हातारीला बर्फात चालवायलास? लाज वाटत नाही?"

एक मात्र बरं होतं. चूक झाली की खेळ मागे नेता यायचा आणि तोच प्रश्न पुन्हा ऐकता यायचा. मी लोहाराला ऐरणीबद्दल सगळी उत्तरं देऊन पाहिली. तो सगळ्यांवर चिडला. वैद्यिणीने विचारलं की औषधं आपल्यापुरती ठेवायची की वाटेत भेटणाऱ्यांनाही द्यायची. तिला मी इतक्या वेळा वेगवेगळं सांगितलं की शेवटी माझं खरं मत काय होतं तेच मला आठवेना. अशी झटापट करता करता एका गुरुवारी मला युक्ती सापडली. जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला एक उत्तर असं होतं, की पुढे गेल्यावर ठरवू. ते दिलं की कुणी चिडत नसे. कंदील थोडासा मंदावायचा, पण इतका थोडा की डोळ्याला कळू नये. लोहारसुद्धा थुंकायचा थांबला. मला वाटलं, सापडलं. सगळ्यांना सांभाळून नेणारा म्होरक्या आपणच.

खरं तर ही युक्ती मला नवी नव्हतीच. कंपनीत तपासून झालेला भाग तीनपैकी एका क्रेटमध्ये जातो. चांगला असला तर हिरव्या, टाकाऊ असला तर लाल आणि निर्णय झाला नसेल तर पिवळ्या. पिवळ्याला आम्ही होल्ड म्हणतो. लाल क्रेट भरली की प्रॉडक्शनवाले अंगावर येतात, हिरव्यातून खराब भाग गेला तर गिऱ्हाईक अंगावर येतं. पिवळ्या क्रेटमुळे कुणीच अंगावर येत नाही. त्यामुळे माझ्या लाइनवर पिवळ्या क्रेटची चळत कायम सगळ्यांत उंच. आमचे साहेब म्हणतात, होल्डला गेलेला माल शेवटी भंगारातच जातो, आधी सांगितलं असतं तर निदान जागा तरी अडली नसती. हे मी घरी येऊन त्यांचा विनोद म्हणून सांगायचो.

गेमचा शेवट असा झाला. मी न भांडता, कुणालाही न दुखवता खिंडीच्या माथ्यापर्यंत पोचलो आणि मागे वळून पाहिलं तर माणसंच नव्हती. लोहार गेला, वैद्यीण गेली, म्हातारीसुद्धा एका मुक्कामाला मागे राहून गेली. कुणी रागावलं नाही, कुणी दोन शब्द सुनावले नाहीत, नुसते कंदील विझत गेले. उरला एकटा वाटाड्या. त्याचा कंदील लखलखीत होता. समोर दोन वाटा फुटत होत्या. मी त्याला विचारलं, कोणत्या वाटेने जायचं? तो म्हणाला, तुम्ही म्हणाल ती. आणि मी, सवयीने, पुढे गेल्यावर ठरवू हे उत्तर दाबलं. मग आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. बर्फ पडत राहिला, पडदा पांढरा झाला आणि खेळ संपला.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी शेजाऱ्याला सांगितलं की गेममध्ये दोष आहे. तळवड्याच्या चौकात बस अडकली होती, त्यामुळे वेळ भरपूर होता. आमच्याकडे दोषाचं मूळ शोधताना एकापुढे एक पाच वेळा 'का' विचारायची पद्धत आहे. मी ती रीतसर लावली आणि सगळ्याचं मूळ लोहाराच्या स्वभावात आहे असं सिद्ध करून दाखवलं. तो बराच वेळ हसत राहिला. मग म्हणाला, "राव, गेमनं तुमाला बरोबर वळखलंय." मला ते आवडलं नाही. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

त्याच आठवड्यात बायकोने जेवताना विषय काढला. तिच्या संस्थेची राजगुरुनगरला नवी शाळा सुरू होणार होती आणि तिथे मुख्याध्यापिका म्हणून जाल का, असं तिला विचारलं होतं. संस्थेचे सचिव राजगुरुनगरचेच, त्यांनी स्वतः फोन केला होता. शनिवारपर्यंत कळवायचं होतं. हे सांगताना ती भाकरी मोडत होती, पण खात नव्हती. इतकी वर्षं शिकवून, इतरांच्या हाताखाली गॅदरिंगपासून सहलीपर्यंत सगळं निस्तरून, पहिल्यांदाच कुणीतरी तिला एक शाळा चालवायला देत होतं. निगडीहून रोज जाणं-येणं शक्य नव्हतं, चाकणची वाहतूकच माणसाला गिळून टाकते. म्हणजे बिऱ्हाड हलवायला लागणार. ती म्हणाली, "काय करू मी?"

मी म्हणालो, "बघू. तुला योग्य वाटेल ते कर."

हे बोलून मी आमटी वाढून घेतली. मला स्वतःचं कौतुक वाटलं, हे इथे लिहायलाच हवं. किती नवरे बायकोला असं मोकळं सोडतात? दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी हे सांगितलंही, की आम्ही घरात कुणावर काही लादत नाही. तिने दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, तेव्हा मी पुन्हा तेच म्हणालो, फक्त यावेळी आवाजात थोडा जास्त गोडवा आणला. नंतर तिने विचारलं नाही. मी समजलो की तिचं ती ठरवते आहे.

माझ्या मनात काय होतं? ती जावी असं मला वाटत होतं. ती शाळेबद्दल बोलायला लागली की तिचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे. आणि निगडी सोडायची नाही, असंही मला वाटत होतं. त्याची कारणं मोठी असती तर मी सांगितलीही असती. पण ती अशी होती, की गॅलरीत दुपारनंतर छान सावली येते, आमच्या प्राधिकरण भागातल्या रस्त्यावर चालायला झाडं आहेत आणि बसमध्ये खिडकीची जागा मोठ्या मुश्किलीने मिळाली आहे. अंतराचं कारण देता येत नव्हतं, कारण राजगुरुनगरहून माझी कंपनी उलट जवळ पडते. एवढ्या फुटकळ गोष्टींसाठी बायकोच्या आड आलो असं नको, आणि हो म्हणून पुढे काही बिनसलं तर तू म्हणालास म्हणून, असंही ऐकायला नको. म्हणून बघू.

आणि मग तो गुरुवार आला. तिच्या शाळेला कुठल्याशा जयंतीची सुट्टी होती आणि माझी तर नेहमीचीच. आम्ही तिघं घरात. चहा झाल्यावर कुणाला काय बोलावं सुचेना, तेव्हा मी म्हणालो, तुला गेम दाखवू का? ती हसली आणि लॅपटॉप पुढ्यात ओढून बसली. मी जाणकार माणूस म्हणून मागे खुर्ची घेतली. आई ज्वारी निवडायचं सूप घेऊन शेजारी.

लोहाराने ऐरणीचं विचारलं. मी म्हणालो, सावकाश, हा प्रश्न फसवा आहे. तिने रेघ हलायच्या आत उत्तर दिलं, की ऐरण टाक, पलीकडे गेल्यावर दुसरी करू. लोहार चिडला, कंदील मंदावला. मी म्हणालो, बघ. पण पुढच्या मुक्कामाला तोच लोहार तिच्याकडे येऊन बसला आणि खेचराचा नाल ठोकून देऊ का म्हणून विचारू लागला, आणि कंदील आधीपेक्षा जास्त उजळला. हे माझ्या खेळात कधी झालंच नव्हतं. तिने म्हातारीला खेचरावर बसवलं, आई म्हणाली, हां. तिने वैद्यिणीला एकदा चांगलंच फटकारलं. वैद्यीण राहिली. शाळेत वर्गावर असते तशी ती त्या टोळीवर होती, चुकत होती, कुणाला तरी नाराज करत होती आणि पुढे चालत होती.

मग वाटा फुटल्या. पहिला फाटा, तिने वाटाड्याला विचारलं. तुम्ही म्हणाल ती. दुसरा फाटा, पुन्हा विचारलं. तुम्ही म्हणाल ती. तिसऱ्या फाट्याला तिने उत्तरांची यादी खालपर्यंत नेली आणि सगळ्यांत खालचं उत्तर निवडलं, जे मी कधी वाचलंच नव्हतं. तू इथेच थांब, आम्ही पुढे जातो.

मी खुर्चीवरून पुढे सरकलो. "अगं, त्याला कशाला सोडतेस? सगळ्यांत गरीब माणूस आहे तो. त्याने कधी कुणाचं वाईट केलं नाही."

"चांगलं काय केलं, अहो?" आईसमोर ती मला अहो म्हणते. "वाटाड्या म्हणून आलाय ना? विचारलं की म्हणतो, तुम्ही म्हणाल ती. वाट चुकली तर ती माझी. बरोबर निघाली तर हा सोबत आहेच."

"बरं केलंस," आई म्हणाली आणि ज्वारीतला खडा बाजूला टाकला.

मला टोमणा मारावा असं बायकोच्या मनात नव्हतं. ती खरंच त्या वाटाड्यावर चिडली होती. तिने दोन-तीन प्रश्न आणखी खेळले, मग घड्याळ बघून लॅपटॉप मिटला आणि कुकर लावायला आत गेली. मी खुर्चीवर बसून राहिलो. लॅपटॉप मिटला होता, तरी तो माणूस फाट्यावर कंदील धरून उभा राहिलेला मला दिसत होता. माझ्या खेळात त्याचाच कंदील का लखलखत होता, हे मला आता कळलं आणि कान गरम झाले.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. ती डाळ धूत होती. काय बोलायचं ते मी दारातच ठरवायला लागलो, मग वाटलं की इथेही एक रेघ असेल, दिसत नसली तरी. म्हणून जसं आलं तसं बोललो. "तू ती शाळा घ्यावीस असं मला वाटतं. मला निगडी सोडायची नाहीये, तेही खरं आहे, पण त्याची कारणं अगदी फालतू आहेत. आपण तिकडे घर बघू. मी म्हणतोय असं समज. बिनसलं तर माझ्या नावावर."

तिने नळ बंद केला. मग माझ्याकडे वळली.

"मी काल नाही म्हणून कळवलं," ती म्हणाली.

"शनिवारपर्यंत वेळ होता ना?"

"वेळ होता. पण तुझं उत्तर मिळालं होतं."

"मी नाही कधी म्हणालो?"

"तू नाही कधीच म्हणत नाहीस," ती म्हणाली. आवाज चढवून नाही, वर्गात फळ्यावरचं वाचून दाखवावं तशी. "होल्डला गेलेल्या मालाचं काय होतं ते तूच सांगतोस की घरी येऊन."

मला फार वाईट वाटलं. गेममध्ये अशा वेळी मी मागे जायचो, त्याच प्रश्नाशी पुन्हा उभा राहायचो आणि दुसरं उत्तर देऊन बघायचो. इथे मागे न्यायला काही नव्हतं, ओट्यावर कुकर होता आणि समोर ती. तिने ते पद माझ्यामुळे सोडलं होतं, आणि मी चार दिवस बसमध्ये उदार नवरा म्हणून मिरवत होतो.

"आत्ता फोन कर त्यांना," मी म्हणालो. ती म्हणाली, कालच नाही म्हटलंय, आज पुन्हा हो म्हणायला मला लाज वाटेल. मी म्हणालो, वाटू दे, मी इथेच उभा राहतो. बायकोला याआधी असं स्पष्टपणे काही करायला सांगितल्याचं मला तरी आठवत नाही. तिलाही नवल वाटलं असावं, कारण तिने ओले हात पदराला पुसले आणि फोन लावला. सचिवांशी ती नीट बोलली. काल माझी घाई झाली, असं म्हणाली, कारण दिलं नाही, माझं नाव घेतलं नाही, मी यायला तयार आहे म्हणाली. पलीकडचं बोलणं अगदी थोडक्यात आटोपलं. तिने फोन ओट्यावर ठेवला.

"काय म्हणाले?"

"बघू म्हणाले."

बाहेरच्या खोलीतून, टीव्हीचा आवाजही कमी न करता, आई म्हणाली, "म्हणजे नाहीच म्हणाला की."

इतकी वर्षं मी हा शब्द पलीकडच्या बाजूने कधी ऐकलाच नव्हता. तो ऐकणाऱ्याच्या वाट्याला काय येतं, ते त्या दिवशी ओट्यापाशी उभं राहून मला कळलं, आणि ती कितीदा अशी उभी राहिली असेल याचा हिशोब करायला मी धजलो नाही.

"मी उद्या रजा टाकतो," मी म्हणालो. "आपण राजगुरुनगरला जाऊ. समोर बसून बोलू त्यांच्याशी. म्हणजे तू बोल, मी नुसता येतो."

"रजा मिळेल तुला? महिन्याचा शेवट आहे."

जीभ आपोआप ओळखीच्या शब्दाकडे निघाली होती, पहिलं अक्षर तोंडात आलंही होतं. ते मी गिळलं.

"मिळेल," मी म्हणालो. ती तशीच बघत होती, म्हणून तिच्यासमोर मोबाइल काढला आणि बसच्या ग्रुपवर लिहिलं, की उद्या मी येत नाही, माझी खिडकीची जागा कुणीही घ्या.